डीएनए कापणारे एन्झाइम आणि जिवाणूचा मृत्यू: रत्नागिरीतील एका प्रकल्पाचा अनुभव

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रकल्प करावा लागतो. रत्नागिरीत शिकणारे आमचे बहुतेक विद्यार्थी खाडीच्या पाण्यातले जिवाणू, मासळी नासण्याची प्रक्रिया किंवा काजूच्या बोंडांचे किण्वन असे विषय घेतात. नमुना दाराशी मिळतो आणि निष्कर्ष गावाच्या उपयोगी पडतो, त्यामुळे ते योग्यच आहे. मी निवडलेला विषय मात्र पूर्णपणे पेशीच्या आत घडणारा होता. जिवाणूने परक्या डीएनएपासून बचाव करण्यासाठी बाळगलेले, डीएनए कापणारे एन्झाइम त्याच जिवाणूचा जीव केव्हा आणि कसे घेते, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. ते पाहताना जे हाती आले, ते या विषयाची ओढ असलेल्या वाचकांसाठी सविस्तर लिहीत आहे.

डीएनए कापणाऱ्या या एन्झाइमांना रिस्ट्रिक्शन एन्झाइम म्हणतात, आणि त्यांची ओळख विद्यार्थ्याला बहुधा छोट्या नळीतून होते. शीतपेटीतून नळी काढायची, त्यातले थोडे द्रावण डीएनएमध्ये मिसळायचे, 37 अंशांवर तासभर ठेवायचे आणि जेलवर पट्ट्या पाहायच्या. हे एन्झाइम मुळात एका जिवंत पेशीत असते आणि त्या पेशीलाही स्वतःचा डीएनए असतो, हा विचार त्या घाईत मागे पडतो. या शोधाची सुरुवात मात्र पेशीतूनच झाली होती. एका जिवाणूत वाढलेला विषाणू दुसऱ्या जातकुळीच्या जिवाणूत नीट वाढत नाही, हे 1952 आणि 1953 मध्ये लुरिया व ह्यूमन आणि बर्टानी व वायगल यांनी नोंदवले. त्यामागे डीएनए कापणारे एन्झाइम आणि डीएनएवर संरक्षक खूण करणारे एन्झाइम अशी जोडी आहे, हे वेर्नर आर्बर यांच्या 1960 च्या दशकातील कामातून स्पष्ट झाले. हॅमिल्टन स्मिथ यांनी 1970 मध्ये ठरावीक जागीच कापणारे एन्झाइम वेगळे केले, डॅनियल नेथन्स यांनी ते वापरून विषाणूच्या डीएनएचा नकाशा काढला आणि 1978 चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार या तिघांना मिळाला. पुढे या एन्झाइमांवर जनुक अभियांत्रिकीचे सारे दालन उभे राहिले आणि त्यांचे मूळ घर विस्मरणात गेले.

माझ्या प्रकल्पातील एन्झाइम इकोआरआय होते. डीएनएमध्ये जीएएटीटीसी अशी सहा अक्षरांची जागा दिसली की ते तिथे दोन्ही धागे कापते. त्याचा जोडीदार असलेला मिथाइलेज याच जागेतील आतल्या ॲडेनिन या अक्षरावर मिथाइल गट, म्हणजे एक छोटी रासायनिक खूण, बसवतो आणि त्यानंतर ती जागा कापली जात नाही. सहा अक्षरांची कोणतीही एक जागा सरासरी 4,096 अक्षरांमागे एकदा यावी, असे गणित सांगते. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या गुणसूत्रात सुमारे 46 लाख अक्षरजोड्या असल्याने हिशेबाने अशा हजाराहून अधिक जागा निघायला हव्यात. प्रत्यक्षात त्या कमी आहेत, तरी शेकडो आहेत. इकोआरआय बाळगणारी पेशी जगते ती या शेकडो जागा सतत झाकलेल्या राहतात म्हणूनच.

खार जमिनीतल्या शेतीची ज्यांना माहिती आहे, त्यांना या व्यवस्थेतला धोका लगेच कळेल. शेत वाचवायचे तर खाडीकडचा बांध पूर्ण लांबीभर शाबूत असावा लागतो, आणि पाणी आत यायला एक खांड पुरते. मिथाइलेजला प्रत्येक जागा सांभाळावी लागते, तर कापणाऱ्या एन्झाइमला एकच जागा उघडी सापडली तरी पुरे होते.

ही विषमता मृत्यूला कशी कारण होते, ते टोकियो विद्यापीठातील इचिझो कोबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले. रिस्ट्रिक्शन आणि मिथाइलेज यांची जनुके बाळगणारे प्लाझ्मिड (गुणसूत्राहून वेगळे, डीएनएचे छोटे कडे) पेशीतून हुसकावण्यासाठी त्यांनी त्याच्याशी न जमणारे दुसरे प्लाझ्मिड पेशीत घातले, तेव्हा पहिले सहजासहजी हटले नाही. ज्या पेशी ते गमावत होत्या, त्या मरत होत्या. कारण असे, की जनुके गेली तरी आधी बनलेली दोन्ही प्रथिने पेशीत काही काळ उरतात आणि प्रत्येक विभाजनात निम्मी होत जातात. डीएनएची प्रत निघाल्यावर जुन्या धाग्यावर मिथाइल असते आणि नवा धागा कोरा असतो. अशी अर्धी झाकलेली जागा एन्झाइम कापत नाही. परंतु मिथाइलेज विरळ झाल्यामुळे तो कोरा धागा तसाच राहिला आणि पुन्हा प्रत निघाली, तर एका डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर खूण नसलेली जागा तयार होते. तिथे पहिला छेद बसतो. एक प्रथिन मारणारे आणि दुसरे वाचवणारे अशा इतर अनेक विष-उतारा जोड्यांत उतारा लवकर विघटित होतो आणि विष मागे उरते. इकोआरआयच्या बाबतीत तशी गरज नसते, दोन्ही प्रथिने सारखीच विरळ झाली तरी काम होते. मला ही गोष्ट अतिशय सुंदर वाटली आणि विषय पक्का झाला तो इथेच.

मार्गदर्शक मॅडमनी एका संशोधन संस्थेतून रीतसर परवानगी घेऊन दोन जिवाणू मागवले. दोन्ही ई. कोलाय के-12 कुळातले, प्रयोगशाळेत वापरायला निर्धोक. दोन्हींत पीएससी101 कुळातले, तापमानाला संवेदनशील प्लाझ्मिड होते, जे 30 अंशांवर आपल्या प्रती काढते आणि 42 अंशांवर काढू शकत नाही. पहिल्यात इकोआरआयची पूर्ण जोडी होती. दुसऱ्यात मिथाइलेज शाबूत होता, पण कापणाऱ्या एन्झाइमचे जनुक बिघडवलेले होते. हा दुसरा जिवाणू म्हणजे प्रयोगाचा कणा, कारण 42 अंशांच्या उष्णतेचा स्वतःचा परिणाम दोघांवर सारखाच होणार होता आणि जो फरक दिसेल तो कापण्यामुळेच दिसणार होता.

प्रयोगाची कल्पना सोपी आहे. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकात फक्त प्लाझ्मिड असलेल्या पेशी तग धरतात, म्हणून 30 अंशांवर त्याच्या उपस्थितीत दोन्ही जिवाणू वाढवायचे, मग ते प्रतिजैविक नसलेल्या ताज्या, आधीच गरम केलेल्या द्रवात 42 अंशांवर न्यायचे आणि दर अर्ध्या तासाने नमुना काढून जिवंत पेशी मोजायच्या. आमच्याकडे अडचण आली ती 42 ची नाही, 30 ची. साधा इन्क्युबेटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीत खोलीचेच तापमान 30 च्या वर जाते आणि अशा वेळी 30 वर लावलेला इन्क्युबेटर निमूटपणे 33 किंवा 34 दाखवत बसतो. तापमान-संवेदनशील प्लाझ्मिडसाठी हा फरक क्षुल्लक नसतो, कारण प्रयोग सुरू होण्याआधीच काही पेशींतून ते गळून जाऊ शकते. म्हणून वनस्पतिशास्त्र विभागातला, थंड करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर मागून घेतला, त्यात स्वतंत्र तापमापक ठेवला आणि प्रत्येक प्रयोगाआधी त्या जिवाणूंची प्रतिजैविक असलेल्या व नसलेल्या प्लेटवर तुलना करून प्लाझ्मिड शाबूत असल्याची खात्री केली. किनाऱ्यावर असे काम करू इच्छिणाऱ्यांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

नमुना काढताक्षणी वाढ थांबवण्यासाठी बर्फ लागतो. आमच्याकडे बर्फाचे यंत्र नाही, तेव्हा मिरकरवाडा बंदराकडून तो आणला जाई. प्रयोगशाळेतले भाऊ एकदा आदल्या दिवशीच सांगत आले, ‘‘ताई, उद्या होड्या सुटायच्या आहेत, सकाळी बर्फ मिळायचा नाही. आजच लादी आणून भुशात ठेवूया.’’ त्यांच्या त्या हिशेबामुळे दुसऱ्या दिवशीचा प्रयोग वेळेवर झाला. बर्फ नळ्यांच्या बाहेरच राहत असल्याने तो निर्जंतुक नसला तरी बिघडत नाही.

पहिले दोन तास दोन्ही चंबूंत काहीच फरक नसतो, आणि इथेच धीर लागतो. 42 अंशांवर प्लाझ्मिडची नवी प्रत निघत नाही, पण आहेत त्या प्रती वाटल्या जाण्यासाठी काही विभाजने व्हावी लागतात. त्यानंतर प्रथिने विरळ होण्यासाठी आणखी काही पिढ्या जातात. द्रव दाट होऊन वाढ आपोआप मंदावू नये, म्हणून मी तो ठरावीक दाटीला आला की ताज्या गरम द्रवात पातळ करत राहिले. नंतर मात्र आकडे वेगळे होऊ लागले. नियंत्रक चंबूत, म्हणजे न कापणाऱ्या दुसऱ्या जिवाणूच्या चंबूत, एकूण वसाहती (प्लेटवर एकेका जिवंत पेशीपासून उगवणारे ठिपके) वाढतच गेल्या आणि क्लोरॅम्फेनिकॉलवर उगवणाऱ्या वसाहती एका पातळीवर थांबल्या. म्हणजे प्लाझ्मिड नसलेली संतती निर्माण होत होती आणि सुखाने जगत होती. इकोआरआयच्या चंबूत एकूण वसाहतींची वाढच खुंटली. प्रतिजैविक असलेल्या व नसलेल्या प्लेटवरचे आकडे जवळजवळ सारखे येऊ लागले. प्लाझ्मिड गमावलेली संतती तिथे मोजणीला उरतच नव्हती.

याच काळात द्रवाची गढूळता मात्र वाढत होती, आणि त्याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळाले. क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलेली काच तेल लावून शंभरपट भिंगाखाली ठेवली. नियंत्रकातील पेशी नेहमीसारख्या आखूड दांड्यांच्या होत्या. इकोआरआयच्या काचेवर लांबच लांब तंतू पसरले होते. काही दृष्टिक्षेत्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेले, मध्ये कुठे वळलेले, आणि सबंध लांबीत एकही आडवी भिंत नसलेले. पेशी वाढत होती, पण दुभंगत नव्हती. मी बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नाही. डीएनए तुटल्यावर पेशी देते तो, पुस्तकात वाचलेला एसओएस प्रतिसाद तो हाच, हे तिथे पटले.

त्याची साखळी अशी आहे. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की तुटलेल्या टोकाला आरईसीबीसीडी हे एन्झाइम चिकटते आणि डीएनए वेगाने खात आत सरकते. वाटेत ‘काय’ (Chi) या नावाची आठ अक्षरांची खूण योग्य दिशेने भेटली की त्याची वागणूक बदलते, एकेरी धागा मोकळा होतो आणि त्यावर आरईसीए हे प्रथिन बसते. आरईसीए एकीकडे गुणसूत्राच्या दुसऱ्या शाबूत प्रतीशी जुळवून दुरुस्ती करू पाहते, तर दुसरीकडे लेक्सए या दडपण ठेवणाऱ्या प्रथिनाला स्वतःचेच तुकडे करायला लावते. लेक्सए गेल्यावर दुरुस्तीची अनेक जनुके जागी होतात. त्यांतलेच एक सुलए. ते पेशीच्या मध्यावर एफटीएसझेड प्रथिनाचे कडे बनू देत नाही आणि विभाजन थांबते. म्हणजे तंतू हा मृत्यूचा आकार नव्हे, ती पेशीने मागितलेली सवड असते. एकदोन छेद असतील तर ती सवड पुरते. इकोआरआयने कापलेली टोके चिकट असल्यामुळे लायगेज हा डीएनए सांधणारा एन्झाइम ती परतही जोडू शकतो. जिवाणूचे गुणसूत्र इकोआरआयने कापल्यानंतर दुरुस्त होऊ शकते, हे हाइटमन, झिंडर आणि मॉडेल यांनी 1989 मध्येच दाखवले होते. परंतु दुरुस्त केलेली जागाही मिथाइलविना उघडीच राहते आणि पुन्हा कापली जाते. दुसऱ्या प्रतीवरही त्याच जागी छेद बसला, तर पाहून दुरुस्ती करायला नमुनाच उरत नाही. ई. कोलायकडे माणसाच्या पेशींप्रमाणे चिकट नसलेली दोन तुटकी टोके थेट सांधण्याची स्वतःची यंत्रणाही नाही.

एन्झाइम डीएनए कापते आणि म्हणून पेशी मरते, असे एका ओळीत लिहिले जाते तेव्हा हा सगळा मधला भाग हरवतो. माझ्या मते महत्त्व मधल्या भागालाच आहे. छेद जिवाणूच्या नित्याच्या आयुष्यातही पडतात आणि भरून निघतात. मृत्यू ठरतो तो छेदांचा वेग आणि दुरुस्तीचा वेग यांच्या शर्यतीत, आणि ती शर्यत केव्हा सुरू व्हावी हे मिथाइलेजच्या प्रमाणावर अवलंबून असते.

जेलचे काम त्या मानाने लवकर आटोपले. दोन्ही चंबूंतील पेशींचा डीएनए काढून 0.8 टक्के ॲगरोजच्या जेलवर चालवला. नियंत्रकात वर एकच जाड पट्टी होती, इकोआरआयमध्ये ती फिकट होऊन खाली धूसर ओघळ उतरला होता. माणसाच्या पेशींच्या नियोजित मृत्यूत डीएनएची सुमारे 180 अक्षरजोड्यांच्या पटीतील शिडी दिसते. तशी शिडी इथे दिसणार नव्हती, कारण ती न्यूक्लिओसोमच्या (प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळून झालेल्या गोळ्यांच्या) अंतरामुळे पडते आणि जिवाणूत न्यूक्लिओसोम नसतात. तरी आमच्या वर्गातल्या एकीने जेल पाहून शिडी कुठे आहे असे विचारले होते, आणि तो प्रश्न रास्त होता, कारण दोन्ही मृत्यूंची तुलना लिहिताना बरेच लेख हा फरक सांगतच नाहीत.

यानंतर मॅडमनी असा प्रश्न टाकला की माझा उरलेला प्रकल्प त्याभोवतीच फिरला. ‘‘पेशी मरते हे दिसले. पण या मृत्यूचा लाभ कोणाला, ते सांगता येईल का?’’ कोबायाशींच्या मांडणीत लाभ जनुकांच्या जोडीला होतो. जी पेशी तिला सोडते ती मरते, त्यामुळे समूहात जोडी टिकते. ही पेशीची योजना म्हणता येणार नाही. परंतु दुसऱ्या बाजूची उदाहरणेही भक्कम आहेत. विषाणू शिरल्याचे कळताच काही जिवाणू चक्राकार संदेशरेणू बनवतात, तो रेणू एनयूसीसी या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला जागे करतो आणि ते पेशीचे स्वतःचे गुणसूत्र छिन्नभिन्न करते. हे काम 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूच्या प्रती तयार होण्याआधीच पेशी संपते आणि शेजारच्या भावंड पेशी वाचतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व्ही. नागराज यांच्या गटाने 2017 मध्ये त्याहून वेगळी बाब मांडली. क्लेबसिएला न्यूमोनिए या जिवाणूतले केपीएनआय हे एन्झाइम आपल्या ठरलेल्या जागेशिवाय तिच्यासारख्या इतर जागाही कापते. अन्न संपत आलेल्या अवस्थेत या सैल वागणुकीमुळे पेशी मरतात आणि त्यांतून बाहेर पडलेल्या पोषकांवर उरलेल्या पेशी वाढतात. मिथाइलेज फक्त ठरलेली जागा झाकतो. सैलपणे कापल्या जाणाऱ्या जागांना कवचच नसते, हे लक्षात घेतले की हा मृत्यू प्लाझ्मिड न गमावताही कसा येतो ते समजते.

मरणाऱ्या पेशींतून खाद्य मिळते का, हे इकोआरआयच्या बाबतीत तपासावे असे आम्ही ठरवले. सरळ मार्ग म्हणजे चंबूतला द्रव 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून उपाशी जिवाणूंना देणे. पण त्या द्रवात मूळचे पौष्टिक माध्यम उरलेलेच असते आणि वाढ झाली तरी ती कशामुळे झाली ते सांगता येत नाही. म्हणून छेद सुरू झाल्यावर पेशी गोळा करून, पुन्हा पुन्हा धुऊन, कर्बस्रोत नसलेल्या क्षारद्रावणात ठेवल्या आणि काही तासांनी ते द्रावण गाळले. नियंत्रकाचेही तसेच केले. इकोआरआयच्या गाळलेल्या द्रावणात उपाशी जिवाणू अधिक वाढले. परंतु नियंत्रकाच्या द्रावणातही थोडी वाढ होती, कारण उपाशी ठेवलेल्या कोणत्याही पेशींतून काही ना काही झिरपतेच. फरक दरवेळी त्याच दिशेने आला, तरी तो मोठा नव्हता. प्रबंधात मी तो जसा दिसला तसाच लिहिला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके हेच विचारले. उरलेल्या पेशींना खाद्य मिळाले, म्हणून ही व्यवस्था त्याचसाठी आहे असे म्हणता येईल का? मी नाही म्हणाले. मेलेल्या पेशीतून खाद्य सुटणे हा कोणत्याही मृत्यूचा परिणाम असू शकतो. ते कारण ठरवायचे तर कापणारे आणि न कापणारे असे दोन्ही जिवाणू एकत्र उपाशी ठेवून, अखेरीस कोणाची संतती जास्त उरते ते पाहावे लागेल. न कापणाऱ्यांनीच खाद्य पळवले, तर परोपकाराची मांडणी टिकणार नाही. आणि भावंड पेशी एकाच जागी दाटीने राहत असतील, म्हणजे सुटलेले खाद्य आपल्याच कुळात राहत असेल, तर ती टिकू शकेल. हलत्या चंबूतल्या द्रवापेक्षा घट्ट आगरवरच्या वसाहतीत हा प्रयोग अधिक अर्थपूर्ण होईल, असेही मी सांगितले. परीक्षकांनी त्यावर वसाहतीच्या कडेच्या आणि मधल्या पेशींची उपासमार सारखी नसते, याची आठवण करून दिली आणि नमुने दोन्ही भागांतून वेगवेगळे घ्यावेत असे सुचवले.

दोन्ही जिवाणू ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवले आहेत आणि आरईसीए नसलेला तिसरा मागवण्याचा अर्ज मॅडमनी केला आहे. दुरुस्तीच होऊ शकत नसेल तर वाढ किती लवकर खुंटते, हे त्यातून कळेल. आगरवरच्या मिश्र वसाहतींचा प्रयोग यंदा शेवटच्या वर्षाला आलेल्या विद्यार्थिनीने घेतला असून पावसाळ्यात खोली थंड झाल्यावर ती तो सुरू करणार आहे.